सोनेरी रीमर आणि परत आलेली ड्रिल

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा मशिनशॉपमध्ये बिडाच्या कास्टिंगना भोके पाडणे, रीमिंग करणे (रीमरने भोक अचूक मापाचे करणे) आणि आटे पाडणे हेच मुख्य काम चालते. त्यासाठी लागणारी हायस्पीड स्टीलची हत्यारे गेली दोन वर्षे आम्ही कोल्हापुरातील एका पीव्हीडी कोटिंग केंद्राकडे (निर्वात कक्षात वाफेतून हत्यारावर पातळ, कठीण थर चढवणाऱ्या) देत आहोत, त्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे.

पहिल्याच खेपेला त्यांनी आमची निम्मी ड्रिल कोटिंग न करताच परत पाठवली. मला राग आला. परंतु तेथील तंत्रज्ञाने भिंगाखाली धार दाखवली, तेव्हा रिग्राइंडिंगनंतर, म्हणजे पुन्हा धार लावल्यावर, राहिलेली केसासारखी बर (धातूची बारीक कड) आणि धारेचे चाक दाबून धरल्यामुळे तापून निळसर पडलेला भाग स्वच्छ दिसला. अशा बरीवर थर बसला, तरी काम सुरू होताच बर तुटते आणि थरही तिच्याबरोबर जातो. पैसे घेऊन मुकाट्याने काम उरकणे त्यांना अधिक सोपे होते.

टायटॅनियम नायट्राइडचा हा सोनेरी थर अवघा दोन ते चार मायक्रॉन जाडीचा असतो, मात्र त्याची कठिणता विकर्स या कठिणतेच्या मापात सुमारे २३००, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या अडीचपटीहून अधिक भरते. निर्वात कक्षातील तापमान साधारणपणे ५०० अंश सेल्सियसच्या आत राहत असल्याने हत्याराचे पाणी उतरत नाही. सीव्हीडी, म्हणजे रासायनिक क्रियेने वायूतून थर चढवण्याच्या, पद्धतीतील १००० अंशांच्या आसपासची उष्णता त्याला सोसवली नसती.

रीमरच्या बाबतीत त्यांची काळजी विशेष जाणवली. २० मिलिमीटरच्या एच-७ (अचूकतेची एक प्रमाणित श्रेणी) भोकाच्या मापात एकूण २१ मायक्रॉनच्या फरकाची सवलत असते आणि प्रत्येक बाजूला तीन मायक्रॉन चढले, तरी व्यास सहा मायक्रॉनने वाढतो. म्हणून प्रत्येक रीमरचे मायक्रोमीटरवरील माप ते आधी मागून घेतात.

वेळेच्या बाबतीत मात्र त्यांच्या शब्दावर विसंबता येत नाही. कक्ष भरेपर्यंत माल थांबवून ठेवल्याने चार दिवसांचे नऊ दिवस होतात, आणि हे आपण फोन केल्यावरच कळते. एकदा दोन रीमर प्लास्टिकच्या नळ्यांविना एकाच खोक्यात आले, एकाची धार टवकली आणि तो भुर्दंड आमच्याच अंगावर पडला. तेव्हापासून नळ्या आम्हीच देतो.

सध्या टॅप (आटे पाडायची हत्यारे) आणि रीमर त्यांच्याकडेच जातात. स्वस्तातली बारीक ड्रिल पाठवणे मात्र आम्ही बंद केले आहे.