तंबू की हॅमॉक? धरणाकाठच्या रात्रीचा हिशेब

भाच्याने परवा दोन फोटो पाठवले. एकात दोन माणसांचा घुमटाकार तंबू, दुसऱ्यात मच्छरदाणीवाला हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून झोपायची कापडी झोळी. खाली एकच ओळ : "मामा, यांतलं कुठलं घेऊ?" किमतीत फारसा फरक नाही. त्याचा बेत डिसेंबरातला : गोव्यात सांग्याच्या बाजूला दोन दिवस पायपीट, संध्याकाळी साळावलीच्या पाण्यावर गरी (मासे धरायचा गळ), रात्री तिथेच कुठेतरी मुक्काम. मी तंबू सहा वर्षे वापरला आणि हॅमॉकचे हे चौथे वर्ष. फोनवर अर्धा तास बोललो तरी निम्मे सांगायचे राहिले, म्हणून हे लिहितो आहे.

आधी जागेबद्दल, कारण वस्तू जागेवर ठरते. आपल्याकडे डोंगरातले तळे म्हणजे बहुतेक धरणाचे पाणी. सांग्यात साळावली, सत्तरीत केरीजवळ अंजुणे, काणकोणात चापोली. या पाण्याचा काठ एका जागी राहत नाही. पावसाळा संपता संपता पाणी झाडांच्या मुळांपर्यंत असते, आणि मे महिन्यात त्याच झाडांखालून पाणी गाठायचे तर उघड्या, भेगाळलेल्या उतारावरून चांगले चालावे लागते. साळावलीत तर उन्हाळ्यात अख्खे कुर्डी गाव वर येते, घरांची जोती, विहिरी, सगळे. मोगूबाई कुर्डीकरांचे ते गाव. पाण्याची सगळ्यात वरची रेघ आणि आजचे पाणी यांच्यामधल्या या पट्ट्यात एक झाड उभे नसते. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

दुसरे, हद्द. साळावलीला नेत्रावळी अभयारण्य लागून आहे (२११ चौरस किलोमीटर) आणि अंजुण्याला म्हादई (२०८ चौरस किलोमीटर). दोन्ही १९९९ मधली. हद्दीच्या आत मुक्काम, चूल, गरी, यातले काहीही वनखात्याच्या परवानगीशिवाय करायचे नाही, आणि धरणाच्या बांधावर तर झोपायचा विचारही नको. मी दिवसा परवानगीच्या वाटेने चालतो आणि रात्री हद्दीबाहेर ओळखीच्या कोणाच्या तरी काजूच्या बागेत पथारी टाकतो. मालकाला आधी विचारले की आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. उलट एकदा पेज आली, वर लोणच्याची फोड.

आता जमीन. तंबूच्या खोक्यावरच्या चित्रात हिरवळ असते. आपल्याकडे जांभा दगड असतो. खाणीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की त्याचे चिरे कापता येतात, आणि एकदा हवा लागली की कडक होतो. उघडा सडा (डोंगरावरचा खडकाळ माळ) म्हणजे युगानुयुगे हवा खाल्लेला चिराच. त्यात खुंटी जात नाही, वाकते. माझ्या पहिल्या संचातल्या आठ खुंट्यांपैकी तीन इंग्रजी एस झाल्या. अर्थात त्यावर उपाय आहे, दोरीला दगड बांधायचे. दगडांना तोटा नाही. म्हणून केवळ खुंट्यांपायी कोणी तंबू नाकारू नये.

उताराचे मात्र औषध नाही. डोंगरातल्या पाण्याच्या काठाला सपाट जागा म्हणजे बहुधा एखाद्याचे शेत किंवा गुरांची बसायची जागा. उतारावर तंबू लावला की माणूस रात्रभर पायांकडे सरकत राहतो आणि पहाटे गुडघे दुमडून दारापाशी जागा होतो. हॅमॉकला खालच्या जमिनीशी देणेघेणे नाही. त्यात सरळ न झोपता थोडे तिरके झोपायचे एवढेच. सरळ झोपलास तर पाठीचे केळे होते. तिरका झालास की कापड ताणून पाठ जवळपास सपाट राहते. हे मला कोणी सांगितले नव्हते, दोन रात्री कण्हत काढल्यावर कळले.

झाडे. हॅमॉकला दोन हवीत, चार-पाच मीटर अंतरावर, मांडीएवढ्या जाड बुंध्याची. काजूच्या बागेत ती मिळतात, पण काजूचे झाड वाकडेतिकडे. बुंधा जमिनीपासून हातभरावर फुटतो आणि फांदीवर भरवसा ठेवता येत नाही. त्यात हुमले. पाने शिवून घरटी करणाऱ्या या तांबड्या मुंग्यांना काजू आणि आंबा फार प्रिय. झाड बघताना आधी मान वर करून पानांचे गोळे शोधायचे, मग पट्टा बांधायचा. मी एकदा अंधारात हे विसरलो. पट्टा बांधून झाला, आत शिरलो, मच्छरदाणीची चेन लावली आणि पाच मिनिटांनी मच्छरदाणीच्या आतल्या दोरीवरून ओळीने मंडळी येताना दिसली. चेन उघडायला लागलेला तो अर्धा मिनिट मी जन्मभर विसरणार नाही. आता पट्ट्याच्या टोकांना कडुलिंबाचे तेल चोळतो. त्याने हुमले थांबतात की मला धीर येतो, हे नक्की सांगता येणार नाही. थोडक्यात, मुंग्यांच्या बाबतीत तंबू बरा.

गोचिडांच्या बाबतीत? सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आणि तेव्हापासून डिसेंबर ते काजूचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मेपर्यंत, रानात पाचोळ्यावर बसायची माझी हिंमत होत नाही. हा ताप गोचिडांमार्फत येतो. तंबूला तळ आहे, चेन आहे, आत शिरल्यावर तू सुरक्षित. पण तंबू लावताना तू त्याच पाचोळ्यावर गुडघे टेकून पंधरा मिनिटे काढतोस. हॅमॉक उभ्याने बांधता येतो. दोन्हीत लांब हाताचे कपडे, विजार मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर अंघोळ करताना अंग नीट तपासणे हे आहेच. मी इथे हॅमॉकला थोडे झुकते माप देतो, पण कोणी वाद घातला तर घालणार नाही.

थंडी हा हॅमॉकचा खरा दोष. लोक हसतात, गोव्यात कसली थंडी म्हणून. डिसेंबरात चोर्ला घाटाकडून उतरणारा वारा अंजुण्याच्या पाण्यावरून येतो आणि खालून पाठीला लागतो. जमिनीवर झोपलेल्याला निदान वारा खालून लागत नाही. महागड्या दुकानात यासाठी हॅमॉकखाली बांधायची खास दुलई मिळते. मी आईची जुनी वाकळ चार कोपऱ्यांना नाडी शिवून बाहेरून खाली बांधतो. जड आहे, पण ऊब देते. खालून चावणाऱ्या डासांनाही ती पुरून उरते, कारण हॅमॉकचे पातळ कापड डासांना अडवत नाही.

गरीचे काय? इथे ती झाडे नसलेल्या पट्ट्याची गोष्ट येते. मे महिन्यात हॅमॉक बांधायचा तर झाडीत मागे जावे लागते आणि काठीला बांधलेली घंटी ऐकू येत नाही. तंबू पाण्याच्या जवळ लावता येतो. काठीच्या ओढीने उठून रोहू काढायचा ज्यांना शौक आहे त्यांना तंबू सोयीचा, हे मान्य. पण मी रात्री गरी टाकून झोपणे सोडले आहे. एकदा पहाटे काठीला मासा नव्हता, कासव होते. गरी तोंडाच्या कडेला रुतलेली, दोरा पुढच्या पायाला गुंडाळलेला. पक्कडीने सोडवायला अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात त्याने माझ्याकडे एकदाच बघितले. आता नऊच्या सुमारास दोरा गुंडाळून ठेवतो. शिवाय मगरींबद्दल काठावरची माणसे जे सांगतात ते ऐकल्यावर पाण्याला खेटून झोपण्यात मला तसाही रस उरलेला नाही.

इथपर्यंत पाहिलेस तर दोघे जवळपास बरोबरीत आहेत. मुंग्या आणि मासे तंबूकडे, उतार आणि थोडे गोचीड हॅमॉककडे, थंडीला वाकळ. खरे सांगायचे तर माझा निकाल यातल्या कशानेच लागला नाही. तो लागला घरी, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी.

झाले असे. मे अखेरची फेरी होती, चापोलीच्या बाजूची. रात्री वळवाचा शिडकावा झाला. पाऊस नसता झाला तरी फरक पडला नसता, कारण पाण्याकाठी दमट रात्री दोन माणसांचा श्वास तंबूच्या आतून थेंब होऊन लोंबतो आणि सकाळी कापड बाहेरून दवाने, आतून घामाने ओले असते. रविवारी रात्री फोंड्याला पोचलो. सोमवारी कामावर जायचे होते. तंबू फ्लॅटच्या गॅलरीत टाकला. ती गॅलरी म्हणजे वॉशिंग मशीन, तुळस आणि तारेवरचे कपडे यांतून उरलेली दीड वीत. घुमट उभा करायला जागा नाही, म्हणून दुमडून तारेवर. बाहेरून वाळला, घड्यांमध्ये ओल राहिली. दोन दिवसांनी हाताला कोरडा लागला, म्हणून पिशवीत भरला आणि पुढच्या खेपेला गावच्या घरी नेऊन माळ्यावर टाकला. मग जून लागला.

पुढचे तीन महिने काय होते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. चामड्याचा पट्टा हिरवा होतो, मीठ पाझरते, कपाटातल्या इस्त्रीच्या शर्टाला वास येतो. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या (गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायच्या) लाकडी चौकटीसाठी माळ्यावर चढलो, तर चौकटीच्या मागून ती पिशवी घरंगळली आणि खाली ओटीवर, नारळ आणि आंबाड्याचे घोस बांधत बसलेल्या मंडळींच्या मध्यभागी पडली. आईने नाकाला पदर लावला. उलटीसारखा वास, अगदी तोच. मी पिशवीत हात घातला तर कापड बोटांना चिकटले. घडी उलगडताना चर्र आवाज आला आणि आतल्या बाजूचा थर पापुद्र्यांनी सुटून हातावर आला.

नंतर वाचून समजले की हा माझ्या एकट्याच्या तंबूचा दोष नव्हे. बहुतेक तंबूंच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, तोच पाणी अडवतो. ओलावा आणि उष्णता मिळून तो लेप हळूहळू फुटत जातो, आधी चिकट होतो, मग वास येतो, मग साल निघते. कोरड्या मुलखात तंबू बरीच वर्षे टिकतो तो यामुळे. आमच्या माळ्यावर त्याला एक पावसाळा पुरला. चूक माझीच, अर्धवट वाळवला. पण पुढचे वाक्य मी स्वतःला फार वेळा म्हटले आहे : मे महिन्याच्या शेवटी, सोमवारी कामावर जायचे असताना, फ्लॅटमध्ये तंबू पूर्ण वाळवणारा माणूस मला भेटू दे.

हॅमॉक मी घरी आल्यावर कपड्यांच्या तारेवर टाकतो. एकच कापड, कोपरे नाहीत, दुपदरी तळ नाही. जेवून हात धुवेपर्यंत वाळलेला असतो. वरची ताडपत्री (आहे नायलॉनची, म्हणायला ताडपत्री) तशीच. एवढे बघ : ताडपत्री घेताना लेप सिलिकॉनचा आहे का ते विचार. स्वस्तातल्या ताडपत्र्यांनाही पॉलियुरेथेनच असते आणि मग ये रे माझ्या मागल्या. दुकानदाराला माहीत नसेल तर कापडाच्या पट्टीवरचे बारीक अक्षर वाच. सिलिकॉनचे कापड हाताला गुळगुळीत, निसटते लागते.

तरी माझे ऐकून डोळे मिटून हॅमॉक घेऊ नकोस. बायको-मुले घेऊन जाणार असशील तर तंबू. मूल कुशीत झोपवायला आणि कपडे बदलायला चार भिंती लागतात, मग त्या कापडाच्या का असेनात. पाठीचे दुखणे असेल तर आधी कोणाचा तरी मागून दोन रात्री झोपून बघ. उघड्या सड्यावर राहायचा बेत असेल तर हॅमॉक बांधायला झाडे कुठली? आणि गावी ऐसपैस अंगण असेल, रविवारनंतरचा सोमवार मोकळा असेल, तर माझा मुख्य मुद्दाच निकाली निघाला. तू मात्र मडगावात दुसऱ्या मजल्यावर राहतोस. तुझ्या गॅलरीत मी उभा राहिलो आहे, एका वेळी एकच माणूस मावतो.

पट्टे रुंद घे, निदान दोन बोटे. बारीक दोरीने साल कापली जाते आणि बागेचा मालक पुढच्या वर्षी पेज देत नाही. पट्ट्याला हॅमॉकच्या अलीकडे एक सुतळीचा तुकडा लोंबता बांध, म्हणजे पावसाचे पाणी दोरीवरून आत न येता तिथून गळून जाते.

माझ्या तंबूचे वरचे कापड त्याच चवथीला टाकून दिले. आतला जाळीचा घुमट मात्र धडधाकट होता. आता दर मेमध्ये तो गावच्या अंगणात उभा असतो आणि आत आईची कोकमाची सोलां वाळत पडलेली असतात. कावळे बाहेरून जाळीवर चोच मारून बघतात आणि जातात. शेणाने सारवलेल्या जमिनीत खुंटी ठोकायला आईने पहिल्याच दिवशी मनाई केली होती. चार कोपऱ्यांना चार चिरे ठेवले आहेत.