चर्चमधला संगमरवर आणि मोझेक: लेटेक्स की लगद्याचा लेप?

जुन्या चर्चमधली काजळी काढायला कुणी ॲसिड सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खरा प्रश्न दोनातच असतो, लेटेक्स (पातळ रबर, वाळलं की पापुद्र्यासारखं निघतं) लावून सोलायचं की कागदाच्या लगद्याचा लेप द्यायचा. मी दोन्ही वापरलंय.

लेटेक्सला नावं ठेवणार नाही. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा आतला दगड त्यानेच साफ केलाय, पाणी जवळजवळ लागत नाही आणि सपाट भिंतीवरून सायीसारखा अख्खा पापुद्रा निघतो, कमिटीवाले बघूनच खूष. पण आपल्याकडची स्मारकं सपाट असतात कुठे? मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधले संगमरवरी पुतळे बघा, कपड्यांच्या चुण्या काय, बोटांमधल्या फटी काय. आम्ही एका चर्चमध्ये (नाव नको) कोरीव अक्षरांचा फलक घेतला होता, मुंबईची दमट हवा, लेटेक्स धड वाळेचना, आणि सोललं की प्रत्येक अक्षराच्या पोटात रबराचा कण अडकलेला. तो बांबूच्या काडीने उकरत बसायचं, तेही अक्षरात भरलेलं शिसं न हलवता! माझं मन तिथेच उडालं. वर अमोनियाचा वास, मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) आलेले लोक नाकाला रुमाल लावून.

लगद्याला वेळ लागतो, मान्य, आणि खाली राडा होतो तो वेगळाच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचा, दगडावर आधी पातळ, चिवट जपानी कागद, मग लगदा, वर प्लास्टिक, मग वाट बघा, ओला असतानाच काढा, स्पंजने पुसा, परत लावा. पण फटीत नीट बसतो, आणि शेवटच्या फेरीत उघडा ठेवून वाळू दिला की दगडातले क्षारही ओढून घेतो. समुद्राकाठच्या चर्चला हे मला फार मोठं वाटतं. ताजमहालावर मुलतानी मातीचा लेप देतात ते तत्त्व जवळपास हेच, फक्त माती नक्षीत अडकते म्हणून मी कागद धरतो.

मोझेकला (बारीक तुकडे जोडून केलेल्या चित्राला) मात्र सरसकट काहीच लावू नका. सोनेरी तुकड्यात वर्ख दोन काचांमध्ये असतो, वरची काच एकदम पातळ, ती सुटत आली असेल तर लेटेक्ससोबत वर्खाचं पण दर्शन घ्या. बोटाने हलकेच टकटक करून बघा, पोकळ वाजलं तर ओल्या लेपाचं वजनही नको, आधी मागे चुन्याचं ग्राउट, म्हणजे पातळ कालवण, भरून घ्या, मग कापसाच्या बोळ्याने एकेक तुकडा.

तुमच्याकडे सपाट भिंतीच जास्त असतील आणि सणाआधी उरकायचं असेल तर लेटेक्स घ्या, फक्त त्यात ईडीटीए नावाचं रसायन नाही ना ते विचारा, ते कॅल्शियम खेचतं आणि संगमरवराचं पॉलिश जातं. कोरीव काम असेल तर मी तरी लगदाच म्हणेन. कंत्राटदार कुरकुरला तर एका आडोशाच्या कोपऱ्यात दोन्हीचे नमुने करून घ्या, आणि अक्षरं साफ करायला त्यालाच बसवा.