‘गाडी गरमच आणा’: नाना पेठेतल्या एका बिनपाटीच्या गॅरेजबद्दल

पाचपैकी चार गुण देतेय. पाचवा हॉर्नपायी गेला, ते पुढे सांगते.

गाडी माझ्या मामाची. येझदी २५०, १९८२ ची. मामाने तिचं मागचं मडगार्ड उंच उचललं, सायलेन्सर वर वळवले, नॉबी टायर घातले आणि मुळशीकडच्या मित्राच्या पडीक रानात तो तिला रविवारी उधळायचा. तो गेल्यावर मामी गाडी भंगारात द्यायला निघाली होती, म्हणून मी घरी आणली. येझदीला डर्ट बाइक म्हटलं की लोक हसतात. हसू देत. ज्या चेक घराण्यातून म्हैसूरच्या आयडियल जावाकडे ही गाडी आली, त्याच घराण्यातल्या सीझेड मोटरसायकलवर पॉल फ्रीडरिक्सने १९६६, १९६७ आणि १९६८ अशी सलग तीन वर्षं ५०० सीसी मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीतल्या शर्यतींचं, जगज्जेतेपद मारलं होतं.

तर दुखणं असं. सकाळी थंड गाडी दुसऱ्या किकला सुरू. बारा-पंधरा मिनिटं झकास. मग मिसिंग, मग फट्‌फट् करून बंद. त्यानंतर पाऊण तास कितीही किक मारा, ढिम्म. पाऊण तासाने पुन्हा दुसऱ्या किकला सुरू, जणू काही झालंच नाही.

आधी घराजवळच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही. तिथे गाडी रात्रभर उभी राहायची, सकाळी पोरगा किक मारायचा आणि ‘ओके आहे मॅडम’ म्हणून फोन यायचा. तीन फेऱ्यांत प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटरचा किट टाकला, पिस्टनच्या रिंगासुद्धा टाकल्या. ९,४०० रुपये गेले. दुखणं होतं तिथेच, वर एक नवीन मिळालं: उलटी किक. येझदीची किक एकदा उलटी बसली की नडगीवर आठवडाभर जांभळा डाग मिरवावा लागतो. ऑफिसात लोक काळजीने विचारायला लागले होते.

नाना पेठेतल्या चाचांचा पत्ता स्पेअर पार्टच्या दुकानदाराने दिला. जिन्याखालची जागा, जेमतेम सहा बाय दहा. पाटी नाही, फोन नाही. भिंतीवर चेन स्प्रॉकेट टांगलेले, खाली बिस्किटाचे पत्र्याचे डबे, प्रत्येकात वेगळ्या गाडीचे जीव. पहिल्यांदा मी गाडी टेम्पोत घालून नेली, कोथरूडहून आठशे रुपये भाडं भरून. चाचांनी इंजिनावर हात ठेवला आणि काढून घेतला.

“ताई, पोराचा ताप उतरल्यावर डॉक्टरकडे आणलंत. आता मी काय बघू?”

मी म्हटलं, चालवत आणली तर वाटेत बंद पडेल.

“पडू दे की. ढकलत आणा. पण गरम आणा.”

मी चिडले. टेम्पो परत कोथरूडला, पुन्हा आठशे. पण गुरुवारी रजा टाकली आणि चालवत निघाले. म्हात्रे पुलापर्यंत ठीक. सारसबागेपाशी ठसकायला लागली आणि सेव्हन लव्हज चौकात मेली. तिथून नाना पेठेपर्यंत ढकलत. एका रिक्षावाल्याने ‘मावशी, पेट्रोल संपलं का?’ असं विचारलं. मी एक्केचाळीसची आहे. तो माणूस माझ्याहून मोठा असणार.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते. घामाघूम मला बाजूच्या स्टुलावर बसवून चाचांनी लगेच काम सुरू केलं, इंजिन गार व्हायच्या आत. पान्हा नंतर हातात घेतला. आधी टाकीचं झाकण उघडून कान लावला. झाकणाचं भोक बुजलं तर आत हवा जात नाही, पेट्रोल उतरत नाही आणि गाडी अशीच पंधरा मिनिटांनी बंद पडते. भोक मोकळं होतं. मग कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धार सोडून पाहिली. धार चांगली. मग प्लग काढला. ओला. “पेट्रोल पोचतंय, जळत नाही.” कोरडा निघाला असता तर चाचा मागे टाकीकडे वळले असते. ओला निघाला म्हणून पुढे करंटकडे. एवढं साधं पाहणं ९,४०० रुपयांत कुणी केलं नव्हतं.

प्लग हेडला टेकवून मला किक मारायला लावली. ठिणगी होती, पण नारिंगी, दोऱ्यासारखी बारीक. निळी आणि कडकडीत हवी. मग उजवीकडचं कव्हर उघडलं, चावी चालू ठेवली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन छोटी टोकं, उघडमीट केले. प्लगवर जी ठिणगी दिसायला हवी होती, ती इथे दिसली: जाड, निळी, पॉइंटच्या फटीतच.

“करंट इथंच खाल्ला जातोय. कंडेन्सर गेला.”

कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी डबी. पॉइंट उघडताना करंट फटीतून उडी मारायला बघतो. तो कंडेन्सर ओढून घेतो, म्हणून कॉइलचा करंट एका झटक्यात तुटतो आणि तेव्हाच प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. आतलं इन्सुलेशन कमजोर झालं की थंड असताना काम चालतं, तापलं की गळती सुरू. म्हणून सकाळी ‘ओके आहे मॅडम’. येझदीत ही डबी इंजिनाच्या पोटात, डायनामोपाशी भट्टीत बसवलेली. चाचांनी तिची वायर सोडवली, डब्यातून दुसरा कंडेन्सर काढून दोन क्लिपांनी बाहेरूनच लोंबता लावला आणि प्लग पुसून बसवला. इंजिन अजून हात लावू देत नव्हतं. पहिल्या किकला सुरू! मी ओरडले, समोरचा टायरवाला बघायला आला.

इथे दुसऱ्या कुणी दोनशे रुपये घेऊन वाटेला लावलं असतं. चाचांनी गाडी बंद केली आणि पॉइंटच्या प्लेटवरून बोट फिरवून माझ्या नाकाशी धरलं. टूटी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळायचं तेल) आणि पेट्रोलचा वास. ती खोली कोरडी हवी. डायनामोच्या बाजूचं क्रँकचं सील कडक झालेलं होतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा बंद कप्पा, हाच पंप असतो. पिस्टन खाली येताना आतलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण सीलच्या फटीतून पॉइंटवर फवारलं जातं, वर जाताना तिथूनच फुकटची हवा आत ओढली जाते. पॉइंट तेलकट, मिश्रण पातळ, इंजिन जास्त गरम, कंडेन्सर आणखी लवकर मरणार. मग विचारलं, “पांढरा धूर मारते? गिअर ऑइल कमी होतं?” नाही म्हटल्यावर डाव्या, क्लचच्या बाजूच्या सीलला हात लावला नाही. “ते ठीक आहे, कशाला खर्च.” हे वाक्य मी पुण्यातल्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा ऐकलं.

उलट्या किकचं कारणही निघालं. वर्कशॉपवाल्याने पॉइंटचा गॅप जवळजवळ दुप्पट ठेवला होता. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग (ठिणगीची वेळ) आपोआप अलीकडे सरकतं. पिस्टन वर येत असतानाच भडका उडतो आणि किक उलटी फिरते. चाचांनी गॅप फीलर गेजने ०.४ मिलिमीटर केला, आधी गॅप आणि मगच टायमिंग, उलटं कधीच नाही. टायमिंगसाठी प्लगच्या भोकातून खुणा केलेला स्पोक आणि पॉइंटमध्ये विडीच्या कागदासारखा पातळ कागदाचा तुकडा. इंजिन हळूच फिरवत राहायचं. पिस्टन टॉपच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या जागेच्या, साधारण तीन मिलिमीटर आधी आला की कागद सुटला पाहिजे. टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं. हलला की ओरडा बसतो.

नवा कंडेन्सर त्यांनी आत बसवलाच नाही. वायर लांब करून टाकीखाली, वाऱ्याला, कॉइलजवळ टांगला. त्याआधी तो शेजारच्या चालू स्कूटरच्या सायलेन्सरवर दहा मिनिटं ठेवून तापवला आणि गरम असतानाच तपासला. पाकीटबंद मालावर त्यांचा भरवसा नाही. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जाऊन जुने पार्ट वेचून आणतात.

बिल २,३५०. त्यात मजुरी १,५००, बाकी सील, पॉइंट, कंडेन्सर आणि एक गॅस्केट. बिल म्हणजे कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहिलेले आकडे. पैसे पुतण्याच्या मोबाइलवर.

आता तक्रारी. तीन दिवस सांगून नऊ दिवस लावले, आणि फोन नसल्यामुळे मधल्या दोन फेऱ्या मला पायी माराव्या लागल्या, कारण नाना पेठेत चारचाकी लावायची म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. गाडी आणली ती हॉर्न न वाजणारी. टाकी बसवताना वायर जोडायची राहिली होती. स्वारगेटच्या सिग्नलला ते कळलं. परत गेले तर चाचा म्हणाले, “रानात चालवता ना, तिथं कुणाला हॉर्न देणार?” एक गुण इथे गेला. वायर मी घरी स्वतःच जोडली.

आतेभावाची जुनी इम्पोर्टेड १२५ होती, पॉइंट नसलेली, सीडीआयवाली (ठिणगीचं काम इलेक्ट्रॉनिक डब्याकडे), अजिबात सुरू न होणारी. तीही नेली. चाचांनी हँडलवरच्या किल स्विचची वायर काढून ठेवली, बस्स. सुरू. स्विच आत गंजून कायमचा दाबल्यासारखा झाला होता. पन्नास रुपये. मात्र स्पष्ट सांगितलं की मॅग्नेटच्या कॉइली मीटर लावून गरम आणि थंड दोन्ही वेळा मोजून देईन, पण सीडीआयचा डबा तपासायचा तर शेजारी चांगला डबा हवा, तो तुम्ही आणा. अंदाजाने महागडा डबा बदलायला लावला नाही.

पाच महिने झाले. मे महिन्यातल्या दुपारी पिरंगुटच्या पुढच्या चढावर तासभर चालवली, बंद करून चहा घेतला, पहिल्या किकला सुरू. मधे एकदाच दगा दिला आणि ती चूक माझी. पेट्रोल कॉक तीन आठवडे उघडा राहिला आणि क्रँककेस पेट्रोलने भरला. चाचांनी सांगून ठेवलं होतं तसंच केलं. कॉक बंद, चोक बंद, प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि दहा-बारा किक. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, त्या वेळी प्लगची कॅप आणि कसलीही ठिणगी लांब ठेवायची. प्लग आईच्या गॅसवर भाजला. आईला अजून सांगितलेलं नाही. आता मिश्रणात पेट्रोलच्या लिटरला ४० मिली ऑइल, म्हणजे १:२५, आणि गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवून ठेवते.

जायचं असेल तर क्वार्टर गेटच्या बाजूने आत शिरा आणि स्पेअरच्या दुकानांत ‘टू-स्ट्रोकवाले चाचा’ विचारा. शुक्रवारी दुपारी बंद. सकाळी अकराच्या आधी शटर उघडत नाही. स्वतःचा टॉर्च न्या, त्यांच्याकडच्याची बॅटरी मरतुकडी आहे. आणि टेम्पो करू नका, परत पाठवतील.