काठासाठी कॉयर लॉग: रोल उत्तम, पण आधी माणसांची वाट ठरवा

आमच्या तलावाचा एका बाजूचा काठ ढासळत चालला होता. त्यावर दोनच उपाय चर्चेत होते: सिमेंटची भिंत बांधून मोकळं व्हायचं, नाहीतर कुंपण घालून माणसांनाच बंदी करायची. मला दोन्ही नको होतं. तलाव सगळ्यांचा आहे, आणि सगळ्यांत बेडूक-कासवंही आली. शेवटी आम्ही कॉयर लॉग घेतले. आता काठ रुजलाय, म्हणून हा अनुभव लिहितोय.

कॉयर लॉग म्हणजे जाळीत काथ्या ठासून भरलेला लांब रोल. आमचे ३ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर व्यासाचे होते. पाण्याच्या कडेला ते ओळीने मांडायचे, दोन्ही बाजूंनी लाकडी खुंट ठोकून दोरीने आवळायचे आणि त्यांच्यातच पाणवनस्पतींची रोपं खोचायची. काथ्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) भरपूर असतं, त्यामुळे तो तागासारखा लवकर कुजत नाही; साधारण २ ते ५ वर्षं टिकतो. तेवढ्या काळात मुळांनी माती धरायची आणि रोलने मातीत मिसळून जायचं. ‘पाच वर्षांत संपणार, मग पैसे कशाला घालवायचे?’ असं मला अनेकांनी विचारलं. तो संपायलाच हवा. काठ सांभाळायचं खरं काम मुळांचं आहे.

उभ्या भिंतीवर लाट आपटते, मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याचीच माती उकरून नेते. इथे तीच लाट पात्यांमध्ये शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. वारा असेल त्या दिवशी काठावर उभं राहून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. आमच्या लव्हाळ्याची मुळं आता रोलच्या आरपार जाऊन खालच्या मातीत घुसली आहेत. रोप ओढलं तर हाताला सगळ्या रोलचं वजन लागतं. पात्यांवर चतुरांच्या रिकाम्या काती चिकटलेल्या असतात. पाठीवर उभी चीर आणि त्या चिरेतून बाहेर आलेले बारीक पांढरे धागे. पाण्यात वाढलेली अळी देठावर चढून कात टाकते आणि चतुर होऊन उडून जाते. तिथे येणाऱ्या मुलांना मी या काती आवर्जून दाखवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा रोल पायाखाली टिकत नाही. रोज चार माणसं एकाच जागी पाय देऊन पाण्यात उतरू लागली की जाळी फाटते, काथ्या सुटतो आणि रोपं चिरडतात. पाट्या लावून हे थांबत नाही, कारण माणसाला पाण्यापर्यंत जायचंच असतं, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून रोल मागवण्याआधी आम्ही गवत कुठे झिजलंय ते पाहत काठावरून फिरलो. जिथे पायवाटा आपोआप पडल्या होत्या, तिथेच दगडी पायऱ्या केल्या. पायऱ्यांकडे जाणाऱ्या वाटेला मुद्दाम वळण दिलं, नाहीतर पावसाचं पाणी सरळ धावत माती घेऊन तलावात उतरतं. व्हीलचेअरसाठी १ फूट चढाला १२ फूट लांबीचा उतार केला आणि तो खांबांवरच्या लाकडी फलाटाला जोडला. फळ्यांमध्ये फटी ठेवल्यात, म्हणजे खाली थोडा तरी उजेड पोचतो. गळ टाकणारे आता तिथेच बसतात. उरलेला लांबलचक काठ वनस्पतींचा, आणि तिथे कुणी मुद्दाम घुसत नाही. उतरायला सोयीची जागा असताना चिखलात कोण जाईल?

फलाटाशेजारी पाणकणीस लावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. ते माणसापेक्षा उंच वाढतं, भराभर पसरतं आणि पाणी दिसेनासं होतं. मग सगळंच कापून टाका अशी मागणी सुरू होते. बसायच्या जागांसमोर बुटक्या, स्थानिक जाती लावा.

तक्रारी दोन आहेत. आमच्या विक्रेत्याने पाठवलेल्या मालात काही रोल ढिले भरलेले निघाले, अंगठा सहज आत जाईल इतके. नेमके तेच आधी पोकळ झाले. दुसरी तक्रार सांध्यांची. दोन रोलची टोकं घट्ट भिडवून शिवली नाहीत तर फटीतून पाणी मागे शिरतं आणि रोलच्या पाठची माती पोखरतं. शिवायची दोरी मालासोबत यायला हवी होती, ती आली नाही. या दोन गोष्टींसाठी पाचातला एक तारा कापतोय.

मागवताना जाळी काथ्याच्या सुतळीचीच मागा. प्लॅस्टिकची जाळी काथ्या कुजल्यावरही पाण्यात राहते आणि तिच्यात साप, कासवं अडकतात. पाण्याची पातळी वर्षभरात फार खालीवर होत असेल, तर रोपं एकदा बुडतील आणि एकदा वाळतील, तिथे हा रोल घेऊ नका. मोटारबोटींच्या लाटा येत असतील तर पायथ्याला दगड लावल्याशिवाय एकटा रोल तग धरणार नाही.