करवीर छत्रपतींच्या वंशावळीचा तक्ता : घेण्याआधी हे तपासा

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका फ्रेमच्या दुकानात करवीर म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याच्या वंशावळीचा भिंतीवर लावायचा तक्ता मिळतो. आकार दोन फूट बाय तीन फूट, कागद जाड आणि मॅट. सुटा घेतला तर साडेसहाशे रुपये, काचेच्या फ्रेमसह सोळाशे. बाजारातल्या इतर तक्त्यांपेक्षा हा नक्कीच सरस आहे. त्याचं कारण एकच : यात दोन प्रकारच्या रेघा आहेत. औरस म्हणजे पोटच्या मुलासाठी सलग रेघ, दत्तकासाठी तुटक.

कोल्हापूरच्या गादीचा तक्ता या फरकाशिवाय काढताच येत नाही. राजारामपुत्र संभाजी १७६० मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा घेतला आणि १७६२ पासून तो शिवाजी म्हणून गादीवर बसला. पुढे १८६६ मध्ये राजाराम दत्तक आले, मूळचे पाटणकर, आधीचे छत्रपती बाबासाहेब महाराजांच्या बहिणीचा मुलगा. १८७० मध्ये ते फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा परत खानवटच्या भोसल्यांतले नारायणराव शिवाजी झाले. ते १८८३ मध्ये अहमदनगरला वारले आणि मार्च १८८४ मध्ये कागलचे यशवंतराव घाटगे शाहू महाराज झाले. शाहूपुत्र राजाराम महाराजांनंतर दत्तक घेतलेले शिवाजी १९४६ मध्ये बालवयातच वारले. १९४७ मध्ये देवासहून विक्रमसिंहराव पवार शहाजी म्हणून आले आणि १९६२ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून सध्याचे शाहू महाराज. अशी सात दत्तकविधानं. तक्त्यात सातही तुटक रेघा आहेत, मोजून घ्या.

तरी एक चूक राहिली आहे. १८२१ मध्ये छत्रपती आबासाहेबांचा खून झाला, त्यांचा तान्हा मुलगाही लवकरच वारला आणि गादी त्यांच्या भावाकडे, शहाजी ऊर्फ बुवासाहेबांकडे गेली. तक्त्यात बुवासाहेब आबासाहेबांच्या खाली सलग रेघेने जोडलेत, म्हणजे मुलगाच केलाय. गादीवर बसण्याचा क्रम आणि नातं एकच मानलं की हे असं होतं. भाऊ भावाच्या शेजारीच हवा. गादीचा क्रम दाखवायचा तर नावाशेजारी वर्तुळात अनुक्रमांक द्यावा.

दत्तकाची तुटक रेघ कुठून सोडायची, हेही नीट समजून घेतलं पाहिजे. विधवा राणी दत्तक घेते ती नवऱ्याच्या नावाने, म्हणून मुलगा दोघांचाही होतो. १८८४ चं दत्तक आनंदीबाईंनी घेतलं, तेव्हा रेघ शिवाजी आणि आनंदीबाई यांना जोडणाऱ्या आडव्या रेघेतून खाली यायला हवी. इथे ती बरोबर आहे. जनक घराणं, म्हणजे मुलगा जन्मला ते घर, कंसात छापलंय, तेही योग्य. मात्र कागलच्या बाजूची अर्धी गोष्ट सुटलीय. दत्तक गेलेल्या मुलाचा जनक घरातल्या वारशावरचा हक्क संपतो. शाहू महाराज थोरले असूनही कागलची जहागीर आणि तिच्यासोबतचा ‘सर्जेराव’ किताब धाकट्या भावाकडे, बापूसाहेब घाटग्यांकडे गेला, तो यामुळेच. तक्त्यात बापूसाहेबांचं नावच नाही. ते नसल्यामुळे दत्तक म्हणजे एका घरात मिळवणं आणि दुसऱ्या घरात सोडणं, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

देवासचंही तसंच. विक्रमसिंहराव इकडे आले आणि तिकडची थोरल्या पातीची (शाखेची) गादी त्यांच्या मुलाकडे, कृष्णाजीरावांकडे राहिली. एका माणसाला दोन गाद्या मिळत नाहीत.

सुनांच्या बाबतीत तक्ता जास्त चुकतो. ‘महाराणी’ हे पद नवऱ्याच्या गादीमुळे येतं, घराण्यात लग्न होऊन आल्यामुळे नाही. इंदुमती राणीसाहेब शाहू महाराजांच्या धाकट्या चिरंजीवांच्या पत्नी. हे चिरंजीव, शिवाजी महाराज, १९१८ मध्ये शिकारीत वारले, गादीवर कधी बसलेच नाहीत. म्हणून त्या राणीसाहेब, महाराणी नव्हेत. तक्त्यात सगळ्या सुनांपुढे सरसकट ‘महाराणी’ छापलंय. यात मान वाढत नाही, माहिती मात्र चुकते. सासऱ्यांनी ज्या सुनेला हट्टाने शिकवलं, तिच्या नावापुढे तरी नेमकं पद हवं होतं.

माहेरची आडनावं गाळणं ही याहून मोठी चूक. १७०० मध्ये वारलेल्या राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई, माहेरच्या मोहिते. १९४० मध्ये वारलेल्या राजाराम महाराजांच्या पत्नीही ताराबाईच, माहेरच्या बडोद्याच्या गायकवाड. दोन्हीकडे राजाराम-ताराबाई, मध्ये दोनशे चाळीस वर्षं. शाळकरी पोराने हे कसं ओळखायचं? प्रत्येक सुनेच्या नावाखाली माहेर आणि गाव, एवढ्या दोन शब्दांत हा घोळ मिटतो.

लेकींना तर जागाच नाही. शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब देवासला दिल्या. मुलगी गादीवर बसत नव्हती हे खरं, पण १९४७ मध्ये करवीरला आलेले विक्रमसिंहराव त्यांचेच चिरंजीव. १९६२ चं दत्तकही लेकीच्या मुलाचं. शाहू महाराजांचं रक्त गादीवर परत आलं ते अक्कासाहेबांमुळे, आणि त्यांचंच नाव तक्त्यात नाही. दुरुस्ती एकच करणार असाल तर ही करा.

शिवाजींचे आकडेही बघून घ्या. पहिल्या ताराबाईंच्या मुलापासून, शिवाजींपासून, मोजलं तर १८८३ मध्ये वारलेले शिवाजी चौथे, रायगडावरच्या थोरल्या महाराजांपासून मोजलं तर पाचवे. दोन्ही पद्धती पुस्तकांत सापडतात. या तक्त्यात वरच्या अर्ध्या भागात एक पद्धत आहे आणि खाली दुसरी. आकड्याऐवजी कारकिर्दीची वर्षं वापरावीत : शिवाजी (१८७१–८३). भांडणच राहत नाही.

कोपऱ्यात इंग्लंडच्या रिवाजाची चौकट दिलीय, ती छोटी पण चांगली आहे. तिथे ड्यूकची बायको डचेस होते, डचेसच्या नवऱ्याला काही मिळत नाही. फिलिप एलिझाबेथ राणीचे पती असूनही राजे झाले नाहीत. एडिंबराचे ड्यूक हे पद त्यांना १९४७ मध्ये वेगळं द्यावं लागलं. २०१३ च्या कायद्याने राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद गेला, सरदारांच्या बहुतेक पदव्या मात्र अजून पुरुषवंशानेच चालतात. आणि दत्तक मुलाला तिथे सरदारकी मिळत नाही. हे वाक्य ठळक छापायला हवं होतं. आपल्याकडे दत्तकाने गादी टिकली, आणि वारस नसल्याचं कारण देऊन साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, ते दत्तक नाकारूनच.

तळाशी १९७१ ची टीप आहे : सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. टीप बरोबर आहे. त्यानंतर ‘छत्रपती’, ‘युवराज’ ही पदं लोकांच्या मानाने चालतात, सरकारी कागदावर नव्हे.

छपाईबद्दल. दत्तकाच्या टिपा इतक्या बारीक आहेत की तीन फुटांवरून वाचता येत नाहीत. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीलाच लावा. फ्रेम घेताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी घालून मागा, नाहीतर पावसाळ्यात ओल येऊन कागद काचेला चिकटतो आणि सुटताना शाई घेऊन येतो. शाळेसाठी घेत असाल तर सुटा तक्ता घ्या, अक्कासाहेब आणि बापूसाहेब बारीक काळ्या पेनने भरा, बुवासाहेबांची रेघ बदला, आणि मगच फ्रेमला द्या.