दुकानातल्या संगणकाला पितळी कुलूप: व्हेराक्रिप्ट आठ महिने वापरून

बेळगावच्या टिळकवाडीत माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. लोकांचे उतारे, आधार, पासबुकं, लग्नाचे बायोडाटे, सगळं एका पेन ड्राइव्हवर असायचं. तो ड्राइव्ह खानापूरच्या बसमध्ये राहिला. परत काही मिळाला नाही. त्यातल्या कागदांचं पुढं कुणी वाईट केलं असं कानावर आलं नाही, पण आठवडाभर झोप नव्हती. मग भाच्यानं येऊन व्हेराक्रिप्ट बसवून दिलं. फुकट आहे, पैशाचा विषयच नाही.

हे काय करतं? तुम्ही सांगाल तेवढी एक मोठी फाइल बनवतं. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, बंद केली की आत काय आहे ते कुणालाही कळत नाही. बनवताना ते माउस वेडावाकडा फिरवायला लावतं. मी आपली फिरवत बसले, तर उताऱ्याला आलेला एक म्हातारा म्हणाला, "काय करूलाय आक्का, उंदीर मारूलाय?" गंमत अशी की खरी किल्ली त्या असल्या हालचालींच्या भेसळीतून तयार होते. आपला पासवर्ड फक्त ती किल्ली ठेवलेली डबी उघडतो.

भाच्यानं एकच गोष्ट तीनदा बजावली. "मावशी, ह्यात कुलूप लावायची नि काढायची किल्ली एकच. हरवली की तू पण बाहेरच." आमच्या जुन्या घराचं पितळी कुलूप तसंच होतं, लावायलाही किल्ली फिरवावी लागायची. दाबलं की लागणारं कुलूप कुणीही लावून जावं, काढणारा मात्र किल्लीवाला एकटा, तो प्रकार वेगळा.

आतलं कुलूप एईएस, म्हणजे माहिती गुप्त करायची एक पद्धत. १९९७ मध्ये अमेरिकेनं जगाला खुलं आवतण देऊन पद्धती मागवल्या, निवडली ती डेमन आणि रायमन या दोघा बेल्जियनांची, आणि २००१ मध्ये ती मानक झाली. त्याआधीच्या डीईएस या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती, १९९८ मध्ये खास बनवलेल्या यंत्रानं ती ५६ तासांत शोधली. आता किल्ली २५६ बिटांची आहे. माहितीचे १६-१६ बाइटचे तुकडे करून प्रत्येक तुकडा १४ वेळा घुसळून काढतात. कुलपाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार माझ्याच पासवर्डबद्दल. चार शब्दांचा ठेवला, त्यात एक शब्द गावाचं नाव. वहीत लिहून ठेवला तो देवनागरीत, 'बेळगाव'. गणपतीत पंधरा दिवस दुकान बंद होतं. उघडल्यावर बोटं विसरली. रोमनमध्ये नेमकं काय टाकलं होतं? शेवटी यू-एम, की ए-ओ, की २०१४ च्या १ नोव्हेंबरपासूनचं सरकारी व्ही-आय? आपल्याकडं या एका नावावरून काय काय झालंय ते सांगायला नको. पण ह्या सॉफ्टवेअरला त्याचं काही नाही, एक अक्षर इकडचं तिकडं झालं की ती किल्लीच वेगळी. वर संदेश असा, की पासवर्ड चुकलाय किंवा ही त्यांची फाइलच नव्हे. काय ते एक सांगत नाही, कारण बाहेरून त्यालाही दोन्ही सारखंच दिसतं. मूळच्या सेटिंगला ते पासवर्ड पाच लाख वेळा दळून बघतं, त्यामुळं माझ्या जुन्या संगणकावर प्रत्येक प्रयत्नाला चहा थंड. बाराव्या खेपेला उघडलं. माझ्या दहावीच्या दाखल्यावरचं, यू-एमवालं.

दुसरी चूकही माझीच. निपाणीच्या एका गिऱ्हाइकाला कागद कुलूपबंद करून ईमेल केले, आणि खाली त्याच ईमेलात पासवर्ड. भाचा पोट धरून हसला. आता पासवर्ड फोनवर एकेक अक्षर सांगते. दोघांत ठीक आहे हे. पण आमच्या भिशीत दहा जणी, प्रत्येकीला प्रत्येकीशी गुपचूप बोलायचं तर ४५ किल्ल्या लागतील, आणि त्या पोचवायच्या कशा? उघड्या वाटेवरून दोघांची एक गुप्त किल्ली ठरवायची युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. व्हेराक्रिप्टमध्ये तसलं काही नाही, तिथं फोनच.

दुकानदारांनी जरूर वापरावं. फाइलची एक प्रत दुसरीकडं ठेवा, 'हेडर बॅकअप', म्हणजे त्या किल्लीच्या डबीची प्रत, ती पण घ्या. ई-आधारच्या पीडीएफसारखा, नावाची चार अक्षरं नि जन्मसाल, असला पासवर्ड ठेवणार असाल तर एवढा खटाटोप करू नका. पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या संदेशासाठी, कारण ठाऊक असूनही.

वहीत आता त्या शब्दाखाली रोमन अक्षरं सुटी सुटी लिहिलीत. वही आईच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली एकच, ती आईच्या कमरेला.