एन-95 मास्क: गाळणी उत्तम, खरी गोम बसवण्यात

श्वासावाटे पसरणारा नवा विषाणू आला की लस हाती यायला महिने जातात. तोवर भरवसा एन-95 मास्कचाच. 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान 95 टक्के कण तो अडवतो, मुख्यतः मधल्या थरातल्या स्थिर विद्युतभारामुळे. तो भार जाऊ नये म्हणून धुवायचा नाही, त्यावर सॅनिटायझरही मारायचं नाही. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेलाच घ्या. कानांवर अडकवायचे बहुधा सैल बसतात. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा (चिमटीत धरली की फट राहते), मग जोरात श्वास सोडा. डोळ्यांना हवा लागली, तर पुन्हा बसवा. दाढीवर नीट बसतच नाही. उकडतं, तेवढं सोसायचं. श्वास सोडायला झडप असलेला मात्र टाळा: तिच्यातून तुमचा उच्छ्वास न गाळताच बाहेर जातो.